कानात न सांगितलेलं नाव

त्रिभुवन बाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी मला गाता गाता थांबवलं तेव्हा. श्रीरामपूरच्या आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनासाठी गाणाऱ्या मुलींची निवड चालली होती. मी पहिल्या वर्षाला होते, घोडेगावजवळच्या खेड्यातून नुकतीच वसतिगृहात आले होते, आणि आपल्याला गाणं येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. विरहाचं एक भावगीत मी निवडलं होतं. शाळेत असताना रेडिओवरून जमवलेल्या सगळ्या हरकती मी त्यात ओतल्या. दुसऱ्या कडव्यापाशी मराठी विभागाच्या प्रा. सुशीला त्रिभुवन बाईंनी हात वर केला.

"कुणाला सांगते आहेस हे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, बाई?"

"गाण्यात 'तू' आहे ना? तो 'तू' कोण?"

"कुणीच नाही, बाई."

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. "मग एवढ्या हरकती कुणासाठी घेतल्यास?" म्हणाल्या. माझा चेहरा पडला. त्यावर त्यांनी घरी कोण गातं ते विचारलं. मी चिडूनच सांगितलं, की कुणी गात नाही, वडील बैलांना पाणी पाजताना शीळ घालतात तेवढंच. "घाल बरं तशी," बाई म्हणाल्या. भरल्या सभागृहात मुलीच्या जातीनं शीळ घालायची! पण मीही हट्टी. घातली. बाईंनी डोळे मिटून ती ऐकली आणि म्हणाल्या, "बघ, या शिळेत बैलाला सांगणं आहे. पी बाबा, सावकाश पी, कुणी हाकलत नाही. आता तुझं गाणं असं कुणाला तरी सांग." माझी निवड झाली, पण निम्म्या हरकती तिथेच ठेवून. त्या दिवशी मला बाईंचा मनस्वी राग आला होता, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात लिहायला हरकत नसावी. त्यांनी तो तेव्हाच ओळखला होता.

या गौरवग्रंथात बाईंच्या समीक्षेवर, भावकवितेवरच्या त्यांच्या लेखांवर अधिकारी मंडळी लिहिणार आहेत. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता कोपरगावात शाळेत गाणं शिकवणारी एक बाई. माझं गाणं एकदा पार थांबलं होतं. पुन्हा गाईन असं मलाही वाटत नव्हतं आणि घरातल्या कुणालाही नव्हतं. ते बाईंमुळे सुरू झालं. ते कसं, एवढंच मला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी बाई गाण्याकडे आणि कवितेकडे कशा बघतात ते थोडं सांगायला हवं.

वर्गात बाई कविता कधीच लगेच वाचत नसत. आधी माणूस उभा करत. एकदा गेयता हा विषय होता आणि आम्ही वृत्तांच्या व्याख्या पाठ करून सज्ज बसलो होतो. बाई आल्या त्या थेट एसटी स्टँडवरची गोष्ट घेऊन. आदल्या दिवशी तिथे एक आई लेकीला गाडीत बसवून देत होती. "पोचली की फोन कर गं," म्हणाली. लेक हो म्हणाली. गाडी हलली तशी आईनं खिडकीबरोबर चालत तेच वाक्य पुन्हा म्हटलं. गाडी फाटकाबाहेर गेली, आता लेकीला ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी ती तेच म्हणाली, जरा हळू. "हे ध्रुवपद," बाई आम्हाला म्हणाल्या. "शब्द तेच, पण पहिल्यांदा ती सूचना होती आणि शेवटी तिचा जीव. कवीला चाल लावावी लागत नाही रे, माणसाचा जीव कुठे अडकलाय ते सापडलं की ओळ आपोआप गाऊ लागते." त्या तासाला व्याख्या एकही झाली नाही. परीक्षेत मात्र गेयतेवरचा प्रश्न आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांनी सोडवला, आणि बहुतेकांनी एसटी स्टँडच लिहिला. तपासणाऱ्यांचं काय झालं असेल देव जाणे.

बाई ख्रिस्ती घरातल्या. चर्चमध्ये रविवारी पेटीवर त्याच असत, अजूनही असतात. मराठी भजनांच्या चाली त्यांच्या कानावर वाचायला येण्याच्या आधीपासून पडलेल्या, त्यामुळे साहित्य आणि संगीत ही दोन वेगळी खाती आहेत हे त्यांना कधी पटलंच नाही. नाताळात वसतिगृहात अडकलेल्या आम्हा मुलींना त्या घरी बोलवत, करंज्यांची ताटं पुढे ठेवत आणि प्रत्येकीला तिच्या गावाकडचं एक गाणं म्हणायला लावत. म्हटल्याशिवाय करंजी नाही. आपल्या हातच्या, मीठ जास्त झालेल्या शेवेवरही त्यांची श्रद्धा अढळ आहे, हे जाता जाता नोंदवते.

बाईंनी कवितेचं पुस्तक काढलं नाही. अनेकांनी मागे लागून पाहिलं. त्यांची सगळी कविता पाळण्यांत गेली. शेजारची एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या बाळाच्या बारशाला बाईंनी हौसेनं पाळणा रचून दिला, तिथून हे सुरू झालं. मग श्रीरामपुरात आणि आसपासच्या गावांत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, कुणाच्याही घरी मूल झालं की बाईंकडे निरोप येऊ लागला. त्यांची रीत ठरलेली. आधी बाळंतिणीजवळ एक दुपार बसायचं. बाळाला मांडीवर घ्यायचं आणि आईला बोलू द्यायचं. तिच्याच तोंडचे शब्द घेऊन पाळणा रचायचा, तो तिला तोंडी शिकवायचा, आणि एका बाळाचा पाळणा दुसऱ्याला कधीही द्यायचा नाही.

यावरून एकदा मोठी गंमत झाली. एका बड्या पुढाऱ्यांच्या नातवाचं बारसं होतं. आजोबांच्या कार्याचा उल्लेख पाळण्यात यावा असं घरच्यांनी सुचवलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि आपल्या रिवाजाप्रमाणे सुनेजवळ जाऊन बसल्या. सून अगदी अबोल. बाईंनी विचारलं, "कुणी नसताना तू बाळाला काय म्हणतेस?" ती पुटपुटली, "ढेकूण." बारशाला मांडवभर पाहुण्यांसमोर तो पाळणा गायला गेला आणि त्यात आजोबांचं नाव कुठेच नव्हतं, ढेकूण मात्र होता. ती अबोल सून पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि सासूही हसली. आजोबांनी काही दिवस बाईंशी बोलणं टाकलं, पण आता तेच नातवाला त्या नावानं हाक मारतात.

आता माझं. लग्न होऊन मी कोपरगावला आले, शाळेत लागले, कार्यक्रमांतून गाऊ लागले. बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, त्यामुळे बारसं लांबलं. ती घरी आली, अंगानं जरा भरली, आणि तपासण्यांमध्ये कळलं की तिला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी पुढचं सगळं नीट समजावलं. मशीन मिळेल, बोलायला शिकवता येईल, घाबरू नका. मी मान डोलावत होते. पण ही पोर पोटात असल्यापासून मी तिच्यासाठी गात होते, आणि तिनं त्यातलं काही ऐकलंच नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. घरी आल्यावर मी तानपुऱ्याला गवसणी घातली. शाळेत रजा टाकली. तिला थोपटतानासुद्धा माझ्या तोंडून सूर निघेना.

बारशाचा विषय निघाला की मी उठून जायची. सासूबाई मायाळू आहेत, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. "आगं, पोरीला किती दिस बिनानावाची ठिवायची? लोक इचारत्यात. नावाबिगर लेकरू बरं दिसतं का?" त्या म्हणत. एकदा मी ओरडलेच त्यांच्यावर. "आत्या नाव कुठं सांगते? कानात सांगते ना? कुणाच्या कानात सांगायचं?" सासूबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. पोरगी नुसती 'बाळी' राहिली.

बाईंना मी काहीच कळवलं नव्हतं. पण इतके महिने होऊन पाळण्यासाठी निरोप नाही म्हटल्यावर त्या समजायचं ते समजल्या असाव्यात. एक दिवस दुपारच्या एसटीनं येऊन दारात उभ्या. मी सगळं एका दमात सांगितलं आणि आता धीराचे शब्द येणार म्हणून अंग चोरून बसले. बाई म्हणाल्या, "चहा टाक. माझ्यात साखर घाल, डॉक्टरांचं ऐकू नकोस." आणि बाळीला मांडीवर घेऊन बसल्या. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसल्या होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "पाळणा मी करणार आहे."

पंधरवड्यानं पुन्हा आल्या त्या रिकाम्या हातानं. माझ्यासमोर बसून सरळ म्हणाल्या, "मला जमलं नाही. एक रचला होता. चांगला होता. येताना एसटीत मनाशी म्हणून बघितला आणि कळलं, की हा मी तुझ्यासाठी रचलाय, माझ्यासाठी रचलाय. यात तिचं काहीच नाही. टाकून दिला." त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली हार होती. आयुष्यभर आम्हाला 'कुणाला सांगते आहेस' विचारणाऱ्या बाई, स्वतः तिथेच चुकल्या होत्या, आणि ते माझ्यासारख्या कालच्या पोरीपुढे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. विद्वान माणसं मी पुष्कळ पाहिली. आपलं फसलेलं काम असं मांडीवर घेऊन बसणारी फार थोडी. मला त्यांचा इतका आधार त्याआधी कधी वाटला नव्हता.

आम्ही दोघी मग इकडचं तिकडचं बोलत बसलो. बोलता बोलता बाई एकदम थांबल्या. "वैशाली, बोलत राहा," म्हणाल्या. "काय बोलू?" "काहीही बोल. ही काय करतेय बघ." बाळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ओठ मिटले की तिची भुवई हलायची, ओठ उघडले की तीही तोंड उघडायची. इतके दिवस ती माझ्याकडे अशीच बघत असणार. मी मात्र तिच्या कानांकडेच बघत बसले होते.

त्यानंतर बाईंच्या घरी काय चाललं होतं ते त्यांच्या भावजयींनी मला पुढे सांगितलं. "आमच्या ताई कपाटाच्या आरशासमोर बसून दिवसभर तोंडं करीत हुत्या. मला वाटलं, वयानं काही झालं का काय. मी तर आमच्या ह्यांला फोन लावायला निघाल्ते." बाई आरशात बघून अक्षरं निवडत होत्या. क, ग, ट, त घशात आणि जिभेमागे लपतात, बाळाला त्यांचं काही दिसत नाही. प, ब, म ओठांवर दिसतात. उ म्हणताना ओठांचा चंबू होतो, आ म्हणताना तोंड फुलतं. वृत्त, यमक, अर्थ हे सगळं त्यांनी आयुष्यभर कानांनी तोललं होतं. सत्तरीकडे झुकलेल्या वयात त्या ते डोळ्यांनी तोलायला शिकत होत्या, आणि तेही एका बिनानावाच्या पोरीसाठी.

या वेळी बारशाचा विषय निघाला तेव्हा मी उठून गेले नाही. बारसं ठरलं. नणंदेनं नाव योजलं होतं गार्गी. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यात कुणी ढवळाढवळ करत नाही. बाईंनी वन्संना शेजारी बसवून घेतलं, आरसा पुढे धरला आणि म्हणाल्या, "ताई, गार्गी म्हणून बघा बरं. काय दिसतं? आता उमा म्हणा." वन्संनी दोन्ही नावं आरशात म्हणून बघितली. मग आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, उमाच ठिवू. पर कानात न्हाई सांगायचं तर मग सांगायचं कसं?"

"तोंडासमोर," बाई म्हणाल्या. "तिला दिसतं ना? मग दाखवा."

पाळणा फुलांनी सजवला होता, आयाबाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. वन्सं पाळण्यावर वाकल्या, आणि कानाशी न जाता बाळीच्या चेहऱ्यासमोर तोंड नेऊन, अगदी सावकाश म्हणाल्या, "उमा." बायकांना पाठीत धपाटे घालायचंही सुचलं नाही. वन्संनी पुन्हा म्हटलं, "उमा." तेव्हा बाळीनं आपला इवलासा हात वर करून आत्याचे ओठ धरले, आणि स्वतःचे ओठ मिटून उघडले. आवाज काही निघाला नाही. सासूबाई मागून म्हणाल्या, "व्हय गं माझी बाय, तूच उमा!" आणि मग धपाट्यांचा जो पाऊस पडला त्यात वन्संची पाठ लाल झाली. वन्सं हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

पाळणा मी गायचा होता. बाईंनी तो मला शिकवला होता, पण मी गाईनच असं वचन दिलं नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नव्हतं. त्या फक्त मला म्हणाल्या, "तिला पाळण्यात ठेवू नकोस. छातीशी उभी धर, चेहरा तुझ्याकडे. आणि तिलाच सांग, बाकी आम्ही कुणी नाही." मी उमाला उचललं. कितीतरी महिन्यांनी तोंड उघडलं आणि पहिला सूर सपशेल फुटला. मी तशीच पुढे गायले.

बघ माझ्या ओठी, उमलले फूल,
मिटे नि उमले, बाई माझं मूल.
माय म्हणे उमा, बाप म्हणे उमा,
मामा म्हणे उमा, बघे माझी उमा.

एका बाईनं मागून कुजबुजत विचारलं, "यात जो जो रे कुठंय?" बाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. उमा माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती आणि तिचा तळहात माझ्या गळ्याखाली टेकला होता. सूर लांबला की ती हात आणखी दाबून धरायची. मला हुंदका आला तेव्हाही तिनं हात काढला नाही. गाणं ऐकणारे श्रोते मला नंतर खूप मिळाले. पण असं माणूस, ज्याला मी गाते आहे हे सर्वांगानं हवं आहे, ते मला त्या दिवशी मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी तानपुऱ्याची गवसणी काढली. उमाला कानाची मशीन लागली, बोलायला शिकवणाऱ्या ताई मिळाल्या, शाळा सुरू झाली. तिचं बोलणं जरा जाडसर आहे, पण ती बोलते भरपूर, आणि भांडते त्याहून जास्त. मी कार्यक्रम पुन्हा घेऊ लागले. ती पुढच्या रांगेत बसते आणि मी शब्द खाल्ला की घरी येऊन मला रागावते, कारण शब्द खाल्ला की तो तिला दिसत नाही. हरकतींबद्दलही तिचं मत फारसं चांगलं नाही.

गेल्या वर्षापासून बाईंचे कान मंदावले आहेत. फोनवर त्या भलत्याच प्रश्नाची उत्तरं देतात. चर्चमध्ये पेटी वाजवताना भजन संपलं तरी त्यांची बोटं चालूच असल्याचं त्यांच्या भावजयींनी सांगितलं. मशीन लावा म्हटलं की विषय बदलायच्या. भाऊ सांगून थकले, डॉक्टर थकले, मी थकले. मागच्या महिन्यात मी उमाला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. गौरवग्रंथाचा विषय निघाला आणि बाई म्हणाल्या, "आता माझं काय राहिलंय? पाळणेही बंद केले मी. बाळंतिणी हळू बोलतात गं, मला कळत नाही त्या काय म्हणतात." बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

उमा उठली. बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला, आणि एकेक शब्द ओठांवर स्पष्ट दाखवत म्हणाली, "आजी, मशीन घाला. लाजायचं कशाला? मी रोज घालते."

बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोणत्या रंगाची घेऊ?"

उमानं जांभळी सांगितली. बाईंनी जांभळी घेतली, आणि ती कानात घालून पहिल्यांदा माझं गाणं ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, तू सुरात गातेस की! मला उगाच इतकी वर्षं काळजी." श्रीरामपुरात आता दोन घरांतून पाळण्याचे निरोप येऊन थांबले आहेत आणि बाईंनी दोन्हीकडे होकार कळवला आहे.

बाई, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, बोटं पेटीवर अशीच धावत राहोत आणि तुम्ही शंभरी ओलांडा. मराठी कवितेसाठी तर ओलांडाच, पण त्याहून त्या बाळांसाठी ओलांडा, जी अजून जन्मायची आहेत आणि ज्यांच्या आया हळू बोलतात. तुम्ही त्यांच्याजवळ एक दुपार बसायला हवं आहे. आणि सकाळी उठल्या उठल्या मशीन घालायला विसरू नका. उमा विचारणार आहे.